पोलिश परीक्षेत नवऱ्याचं नाव

लोणारच्या त्या विश्रामगृहाची आठवन काढली की मले अजूनही संताप येते. पोरीनं वर्षभर जीव आटवला, अन पयल्याच सवालाले तोंडातून चकार शब्द नाही!

एकाहत्तर सालची गोष्ट. माझा लहाना भाऊ इंद्रभान तवा पोलंडात खदानीची इंजिनेरी शिकून राह्यला होता, सरकारच्या स्कॉलरशिपवर. त्याची बायको पुष्पा इथं बीबी गावाले, आमच्यापाशी. मी इंद्राची मोठी बहीन, नवरा गेल्यापासून माहेरीच. पुष्पाच्या लग्नाले चार वर्सं झालते, पन संसार म्हनाल तर दोन उन्हाळ्यांचा. मंग इंद्रानं खटपट केली. तिथल्या नर्सिंगच्या शाळेत पुष्पाले घेतील, पन अगोदर तिले पोलिश बोलता आलं पाह्यजे. नाही आलं तर इंद्राचं शिक्षन होईपर्यंत आनखी तीन वर्सं तो तिकडं अन ती इकडं.

घरी आला तवा त्यानंच तिले शिकवलं, चुलीपाशी बसून. "भिऊ नको," म्हने. "माझ्या खोलीवर इंग्लंडचा एक गडी आहे, दीड वर्सापासून त्याले पोलिशचे दोन च येत नाहीत. तू फक्त चिंच म्हन. झाले दोन्ही च!" खरंच, त्यायच्यातही चहातला च वेगळा अन चमच्यातला वेगळा. गेला, गेली, गेलं हेही आपल्यावानीच.

"तो इंग्लंडवाला मले इचारते, यायच्यात पुस्तक बाईमानूस काऊन?" इंद्रा हसत होता.

"असंन," पुष्पा भाकर थापता थापता म्हने. "आपल्यात खुर्ची नाही का बाई?"

जड गेलं ते एकच. त्यायचे शब्द सुरुवातीलेच चार-चार अक्षरं एकावर एक रचतात, तोंडात कोरडे फुटाने कोंबल्यावानी होते. पन पोरगी हट्टी. इंद्रा गेल्यावर निंदता निंदता, दळता दळता तिची बडबड चालूच. ऐकून ऐकून मलेही अर्धंमुर्धं समजाले लागलं.

हिवाळ्यात लोणारच्या तळ्याचं खारं पानी अन दगडं तपासाले पोलंडची एक बाई आली, डॉक्टर हालिना. नर्सिंगच्या शाळेनं तिलेच कळवलं, की पोरीले बोलतं करून पाहा अन तुमचं मत पाठवा. आमी सकाळच्या बसनं गेलो. विश्रामगृहाच्या ओसरीत टेबल मांडलं होतं. बाई पांढऱ्या केसाची, हसनं नाही का बोलनं नाही. मले तिनं भिंतीपाशी बसवलं अन ओठावर बोट ठेवलं.

मंग तिनं पुष्पाले इचारलं, "याक श्ये नाझिवा पानी मौंश?"

मलेही समजलं. पानी म्हनजे बाईसाहेब. बाईसाहेब, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

पुष्पा गप्प.

मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी हा सवाल आला की पुष्पा लाजे, इंद्रा हसे, अन दोघं पुढच्या सवालावर जात. आमाले कोनालेच त्यात काही वावगं दिसलं नाही. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नाही, हे आमच्यात कोनाले सांगा लागते का? अन ते कोनी परीक्षेत इचारंन हे कोनाच्या सपनातही नव्हतं!

हालिनाबाईनं सवाल पुन्हा केला, हळू हळू. मंग इंग्रजीत म्हने, "हजबंड. नेम." पुष्पाचे कान लालबुंद झाले. नजर फरशीवर. बाईले वाटलं, हिले काहीच येत नाही. तिनं पेनाले टोपन लावलं अन कागद गोळा कराले लागली.

मी मोठी बहीन, इंद्रा इंद्रा म्हनून त्याले दिवसातून छप्पन हाका मारलेल्या. पन मी सांगून काय उपेग? तीन वर्सं, देवा! आता राहवेना.

"अवं घे नं नाव!" मी वरडलीच. "हळदीकुंकवाले घेतेस तसं घे!"

बाईनं माझ्यावर डोळे वटारले. पुष्पानं मान वर केली. डोक्यावरचा पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले, अन एका दमात म्हनली,

"ताम श्न्येग, तू वोदा स्वोना,
मुय मौंश इंद्रभान, आ या येगो झोना."

तिकडं बर्फ, इकडं खारं पानी. माझा नवरा इंद्रभान, अन मी त्याची बायको. पोलिश भाषेत उखाना! मले रडू का हसू झालं.

हालिनाबाई बघतच राह्यली. मंग तिनं हळूच इचारलं, की इतका वेळ गप काऊन होतीस? पुष्पा अडखळत अडखळत बोलली, सारं पोलिशमधीच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हनतात. तो लांब आहे, रोज खदानीत उतरते. मले लय भेव वाटते.

बाईनं तळ्याकडं पाह्यलं. "माझा नवरा तादेऊश," ती म्हने. "मी रोज नावानं हाक मारत होती. लढाईत गेला."

मंग तिनं पेनाचं टोपन काढलं अन कागदावर सही केली. पोरीले घ्या, असं लिहलं.

बसस्टँडवर पुष्पा खुश व्हाले पाह्यजे होती का नाही? तर बसली तोंड पाडून. बस लागली, आमी चढलो, तवा माझ्या कानाशी लागली. "ताई, मी उखान्यातच घेतलं नं? त्यायले काही होनार नाही नं?"

मी तिच्यावर खेकसनार होती. पन मले माझंच आठवलं. बारा वर्सं संसार केला मी. बांधावरून हाक मारायची तरी 'आयकलं का' म्हनत होती. त्यायले ताप आला तवा उशाशी बसून राह्यली, पन नाव ओठावर येऊ देलं नाही.

"शेषराव," मी म्हनलं.

"काय?"

"माझ्या मालकाचं नाव. कधीच घेतलं नाही मी, तरी गेले."

पुष्पानं माझा हात धरला. जिभेले ते नाव अगदी नवं लागत होतं. मंग मी आनखी एकदा म्हनलं, मोठ्यानं, "शेषराव!"

कंडक्टरनं घंटीची दोरी धरून मागं पाह्यलं. "कोन राह्यलं खाली, बाई?"

"कोनी नाही," मी म्हनलं. "चालू दे."