चरबी काढलेली बाटली

मी लॅबमध्ये पेशींना जेवायला घालतो. हेच काम. डिग्री नाही, बघून बघून शिकलो. प्लेटमधल्या पेशींचं जुनं पाणी ओढून काढायचं, सीरम, म्हणजे रक्तातला पातळ पाण्यासारखा भाग, घातलेलं ताजं खाद्य द्यायचं. पोरं सांभाळण्यासारखंच, फक्त रडत नाहीत.

शनिवारी ताईला हॉस्पिटलात टाकलं. आमच्याकडे ज्या विषाणूवर काम चालतं, नेमका तोच. त्यावर औषध नाही. मला हे आधीपासून माहीत होतं, घरात बाकी कुणालाच नाही.

हा विषाणू महाचोर. पेशीत शिरतो, तिला जास्त चरबी जमवायला लावतो आणि तीच पांघरून बाहेर पडतो. आमची लॅब चालवणाऱ्या मॅडमचं म्हणणं, चरबी जमूच दिली नाही तर? चरबी अडवणारं एक औषध त्या तपासत होत्या. सोमवारी निकाल आला. औषधाच्या प्लेटमध्ये विषाणू जवळजवळ साफ.

मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. भावोजींना फोन लावला.

भावोजी तडक डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, लॅबचं पत्र आणा, मग बघू. मॅडम मला म्हणाल्या, "आधी परत करून दाखव. मग पत्र."

परत केलं. गुरुवारी दोन्ही प्लेट सारख्याच. औषध असो नसो, विषाणू मजेत.

मी फ्रिज उघडला. सीरमच्या दोन बाटल्या, एकाच रंगाची झाकणं. एकीतली चरबी काढून टाकलेली, अजून सुरू न झालेल्या दुसऱ्या प्रयोगासाठी, तरी ती बाटली अर्धी रिकामी. आधीच्या वेळी औषधाच्या प्लेटला मी तीच घातली होती. त्या पेशींना बाहेरून चरबीच मिळाली नव्हती. औषधाने काहीच केलं नव्हतं.

मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत. "बरं झालं, पत्र दिलं नाही," एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भावोजींचा फोन आला.

"बोला शास्त्रज्ञ. मिळालं पत्र?" लग्नापासून ते मला हेच म्हणतात, चिडवायला. आज चिडवत नव्हते.

"भावोजी, माझी चूक झाली. ते औषध चालत नाही."

"सोमवारी चाललं होतं ना?"

"औषधामुळे नाही. मी त्या पेशींना बिनचरबीचं खाद्य घातलं होतं. चुकून."

त्यांच्या मागे कुणाची तरी ट्रॉली गेली.

"म्हणजे चरबी बंद केली की तो मरतो. हो ना?"

"प्लेटमध्ये."

"मग तसंच करू की. मी नर्सला सांगतो, हिला तेलकट अजिबात द्यायचं नाही. एक थेंब नाही."

"भावोजी..."

"मी स्वतः बघीन ताटात काय येतं ते."

"शनिवारपासून तिने काही खाल्लेलंच नाही, भावोजी. ताट येतच नाही तिला. चरबी तिचं शरीरच बनवतं."

"ते कसं बंद करायचं?"

मला माहीत नव्हतं. मी तेच सांगितलं.

"विचार ना कुणाला तरी," ते म्हणाले. "तू तिथेच आहेस ना."