दोन रात्रींचा पाहुणा

मुलाने आईची तसबीर उतरवली, फडक्यात गुंडाळून कपाटावर सरकवली. पलंगाच्या कडेला बसलेले वडील बघत होते.

"खिळा पण काढ," ते म्हणाले. "नुसता खिळा दिसला की माणूस विचारणारच, इथे काय होतं."

खिळा निघेना. शेवटी त्याने त्यावर कॅलेंडर टांगलं.

घर वडिलांनी बांधलेलं, आता मुलाच्या नावावर. प्रवाशांना तो ते दिवसाच्या भाड्याने देई. प्रवासी आले की वडील पिशवी उचलून मुलाच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर जात आणि ते गेले की परत येत. कराच्या कागदांवर मात्र घर निव्वळ भाड्याचं होतं. कर्जाचं व्याज, रंगकाम, दुरुस्ती, सगळ्याची सूट त्याने घेतली होती. आज कर खात्याची माणसं घर पाहायला येणार होती. सल्लागाराने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "घरचं माणूस राहतं हे कळलं तर घर तुमच्याच वापरातलं ठरेल. सूट परत, वर दंड. घर विकावं लागेल."

"कोण म्हणून बसू मी?" वडिलांनी सकाळीच विचारलं होतं.

"पाहुणा म्हणून. रिकामं घर दिसलं तर भाड्याने जातं हे पटायचं नाही त्यांना. थोडा वेळच, बाबा."

"एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई," वडील हसले. "तिसऱ्या दिवशी राही, त्याची अक्कल जाई."

मुलगा हसला नाही.

अधिकारी बाई एकट्याच आल्या. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, कपाट उघडून पाहिलं, मग पलंगापाशी थांबल्या.

"आजोबा, तुम्ही?"

"पाहुणा. दोन रात्रींसाठी आलोय."

"एरवी कुठे असता?"

वडिलांनी मुलाकडे पाहिलं नाही. "मुलाकडे. पण त्याच्याकडे जागा जरा कमी पडते."

"इथे काही गैरसोय?"

"छे! मालक भला माणूस आहे. फक्त न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, तेवढं त्यांना सांगा."

बाई हसल्या. नळ वडिलांनीच बसवला होता, आणि त्यावरून आईने जन्मभर त्यांची टर उडवली होती. मुलाला ते आठवलं आणि फार वाईट वाटलं. पण जीव भांड्यातही पडला, खोटं कशाला बोला.

तो बाईंना फाटकापर्यंत सोडायला गेला. मग तिथूनच सल्लागाराला फोन लावला. "म्हाताऱ्याने बाजी मारली!" तो म्हणाला. बराच वेळ बोलत राहिला.

"बाबा!" तो हाका मारत आत आला. "नाटकात जायला हवं होतं तुम्ही."

खोलीत कोणी नव्हतं. चादर आणि उशीचे अभ्रे काढून पायथ्याशी गोळा करून ठेवले होते. ओला टॉवेल बादलीत होता, कचऱ्याची पिशवी गाठ मारून दाराशी. खिडकीला कडी लावलेली होती. मागच्या दाराबाहेरच्या पेटीत चावी होती, निघताना प्रवासी ठेवतात तशी.

त्याने वडिलांना फोन लावला. घंटा वाजत राहिली.

दारामागे पाहुण्यांसाठीच्या सूचना चिकटवलेल्या होत्या, त्यानेच लिहिलेल्या. सगळ्यात खाली होतं, 'निघताना आपलं काही राहिलं नाही ना, एकदा बघून घ्यावं.'

त्याने पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं. मग स्टुलावर चढून कपाटावर हात फिरवला, पार भिंतीपर्यंत. तिथे फक्त फडकं होतं, नीट घडी घातलेलं.