चादरीखालची मशिनं

"ताई, ते टोक धर. नाय गं, तिकडचं! आणि त्या उभ्याचं मुंडकं दिसतंय बघ, त्याच्यावरून घे चादर."

माझा भाऊ राजेंद्र सकाळपासून सोलापुरी चादरी घेऊन पुढच्या खोलीत नाचत होता. मुलगी सुलेखा त्याला पसंत होती, मुलीला तो पसंत होता, आणि दुपारी मुलीकडची माणसं आमचं घर बघायला येणार होती. आमच्या घरात बघण्यासारखं जे काही होतं, ते झाकायचं काम आम्ही दोघं भावंडं करत होतो.

भावसिंगपुऱ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत एका भिंतीवर बुद्धमूर्तीचा कोनाडा आणि बाबासाहेबांचा फोटो, दुसऱ्या भिंतीला दिवाण, आणि तिसऱ्या भिंतीला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आईचे व्हॅक्यूम क्लीनर. सगळे जुने. काही पिंपासारखे गोल, काही लांबट आणि पोटाखाली चाकं असलेले, काही उभ्या दांडीचे. लोकांच्या आया भिशी लावतात, मालिका बघतात, सुनेच्या खोड्या काढतात. आमची आई गीताबाई लोकांनी टाकून दिलेली व्हॅक्यूम मशिनं गोळा करते. सून अजून यायची होती, म्हणून तिसरा उद्योग शिल्लक होता.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," राजू मला दबक्या आवाजात म्हणाला. आई आत चिवड्याला फोडणी देत होती.

"मशिनं झाकतोस का आईला झाकतोस?" मी विचारलं.

त्यानं चादर आणखी खाली ओढली. मुलीकडच्यांना त्यानं सांगितलं होतं, आई हॉटेल लाइनमध्ये सुपरवायझर होती. आई विमानतळाच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात झाडू मारायला लागली होती आणि झाडतच रिटायर झाली. लेणी बघायला आलेल्या गोऱ्या लोकांच्या खोल्या, त्यांचे गालिचे, लांबच लांब बोळ. आमचे वडील लवकर गेले. मी सोयगावला शाळेत शिकवते आणि राजू जालना रोडवरच्या शोरूममध्ये टीव्ही-फ्रिज विकतो, ते त्या बोळांच्या जिवावर.

आईच्या या वेडाची सुरुवात सांगायला हवी, नाहीतर ती नुसती भंगार जमवणारी म्हातारी वाटेल. माझी आजी, आईची आई, गावात लोकांची अंगणं झाडायची. झाडून झाडून ती अशी वाकली होती की मेल्यावर तिला सरळ निजवताना माणसांना त्रास झाला. आई तेव्हा तिथंच उभी होती. पुढं ती हॉटेलात लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिथल्या डिकोस्टा मॅडमनी तिच्या हातात एक पिंपासारखं लाल मशीन दिलं आणि सांगितलं, "गीता, पाइप लांब कर, पाठ सरळ ठेव. यात वाकायचं नसतं." आई त्या दिवशी घरी आली आणि दारातूनच वडिलांना म्हणाली, "ओ, ऐकलं का, आज मी उभ्यानं झाडलं." मी लहान होते. आईला नवी साडी मिळाली असावी, असं मला वाटलं, इतकी ती खुशीत होती.

मग हॉटेलात नवी मशिनं आली आणि लाल पिंप भंगारात निघालं. त्यात बिघडलेलं काही नव्हतं, फक्त ते जुनं झालं होतं. आईनं ते मागून घेतलं आणि रिक्षात मांडीशी धरून घरी आणलं. तिथून तिला नादच लागला. छावणीतल्या साहेबांची बदली झाली की त्यांचं सामान आठवडी बाजारात यायचं, त्यात एखादं मशीन असायचं. सिडकोतल्या घरांत तर विचारू नका. एके काळी टाय लावलेली पोरं दारोदार फिरून गादीतली धूळ दाखवायची आणि लोक घाबरून व्हॅक्यूम घ्यायचे. पुढं ते खोक्यासकट माळ्यावर जायचं, आणि माळा आवरताना थेट भंगारात. उरलेली कलीमभाईनं आणली. भंगारवाला असून तो म्हणायचा, "अम्मा, चालू मशीन को हातोडा मारने को मेरा हात नहीं उठता. तुमीच रख लेव."

आई पाय पसरून बसायची आणि ती मशिनं उघडायची. धुळीची पिशवी फाटलेली असेल तर मांजरपाटाची शिवायची. झाकणाचं रबर गेलं असेल तर कुकरची जुनी रिंग कापून बसवायची. शेजारच्या सुरेखाकाकू लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात. एकदा त्या कौतुकानं वाटी घेऊन आल्या, म्हणाल्या, "गीताबाई, तुमच्या मशिनींनाबी लावते." आई म्हणाली, "आमच्यात कुंकू नाय वाहत. एवढं वाटतंय तर थोडं मशीनचं तेल द्या." दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

राजूचं सगळं उलटं. त्याचा धंदाच 'जुनं द्या, नवं घ्या'चा. मागे त्यानं घरी एक आपोआप फिरणारं मशीन आणलं होतं, थाळीएवढं. दीड वर्षात ते दिवाणाखाली मेलं. कंपनीनं सांगितलं, याचा पार्ट येत नाही, नवं घ्या. आईनं तेही पुसून रांगेच्या शेवटी ठेवलं. "असू दे. अल्पायुषी व्हतं बिचारं."

आता लग्न ठरलं तर पुढची खोली नव्या जोडप्याची होणार, हे उघडच होतं. राजूनं आईसमोर विषय काढला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ठरलं की ने म्हणाव कलीमभाईला. पोराच्या संसारापुढं मशिनं काय मोठी लागून गेली." आणि लाल पिंप पुसत राहिली. ते आधीच पुसलेलं होतं. राजूनं कलीमभाईला पाहुणे येणार त्याच दिवशी संध्याकाळी बोलावलं होतं. मला राग आला होता, राजूचाही आणि इतक्या सहज हो म्हणणाऱ्या आईचाही.

दुपारी पाहुणे आले. मुलीचे वडील पुंडलिकराव अजिंठ्याचे, तालुक्याच्या कचेरीत कारकून, कडक इस्त्रीचा शर्ट. मुलीचे काका अभय, बोलायला बेताचे. आणि मुलीची आजी कडूबाई. त्या काठी टेकत आत आल्या. कमरेतून इतक्या वाकलेल्या की जयभीम घालायला त्यांना मान तिरकी करून वर बघावं लागलं. आईनं ते बघितलं आणि ती क्षणभर थबकली. मग तिनं त्यांना हात धरून दिवाणावर बसवलं.

"आमची आई सरकारी नोकरीत व्हती," पुंडलिकरावांनी बसता बसता सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं.

"अरे वा. आमचीबी हॉटेल लाइनला," राजू म्हणाला.

चिवडा-लाडू झाले, शेतीच्या गप्पा झाल्या, पाण्याच्या झाल्या. पुंडलिकरावांचं लक्ष दोन-तीनदा चादरींकडं गेलं. राजूला ते दिसलं असावं, कारण त्यानं एकदम आपला हुकमाचा पत्ता काढला. शोरूममधून खास त्या दिवसापुरतं आणलेलं नवं कोरं फिरतं मशीन. "सुलेखाला झाडूला हात लावावा लागणार नाय," असं म्हणून त्यानं मोबाइलवर बोट दाबलं.

मशीन ऐटीत निघालं. पुंडलिकरावांच्या पायांना वळसा घातला, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. दिवाणाखालून फिरून आलं. मग ते तिसऱ्या भिंतीकडं वळलं आणि त्यानं सोलापुरी चादरीचे गोंडे तोंडात घेतले.

राजू धावला, पण ते मशीन चादर ओढत मागं सरकलं. चादर उभ्या दांडीवर अडकवलेली होती. दांडीच्या मशीनला खाली चाकं. ते गडगडत पुढं आलं आणि पुंडलिकरावांच्या गुडघ्यावर आदळलं. त्यांच्या हातातली चिवड्याची बशी उडाली, दोन्ही चादरी खाली आल्या आणि आमचं पितळ उघडं पडलं. फिरतं मशीन चादरीत गुरफटून इंग्रजीत मदत मागत होतं.

"हे काय आहे सगळं?" अभयकाका पहिल्यांदाच बोलले.

"हे... शोरूमचा माल. लोकं जुनं देतात ना. आज संध्याकाळी उचलणारे," राजू म्हणाला.

आई आतल्या दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. तिनं तो ट्रे शांतपणे स्टुलावर ठेवला.

"माल नाय तो," ती म्हणाली. "माझी मशिनं हायत ती. मी हॉटेलात झाडायला व्हते. सुपरवायझर नव्हते. झाडायला व्हते आणि उभ्यानं झाडायचे. हे लाल दिसतंय ना, याच्यावर शिकले मी. लोकांनी टाकली, मी उचलली, बसवली. यातलं एकबी बंद नाय." मग तिला आठवण झाली. "ते एक सोडून. ते राजूचं हाय."

राजूची मान खाली गेली. आणि मला त्या क्षणी माझ्या आईचा असा अभिमान वाटला की पाहुण्यांदेखत माझे डोळे भरून आले. स्थळ मोडलं तर मोडलं, असंही वाटून गेलं. बोलणी दुसरीकडंही करता येतील, पण अशी आई कुठून आणणार?

तेवढ्यात कडूबाई दिवाणावरून उतरल्या. काठी बाजूला ठेवून त्या खाली बसल्या आणि सांडलेला चिवडा हातानं गोळा करू लागल्या.

"आई, तू कशाला!" पुंडलिकराव म्हणाले.

"मंग कोण? झाडू कुठंय गं बाई? दे इकडं. माझा जलम गेला झाडण्यात, मला काय त्याचं."

"आई!" पुंडलिकराव पुन्हा म्हणाले, या वेळी जरा हळू.

"सरकारी नोकरीत व्हता ना मावशी?" आईनं विचारलं.

"व्हय की, सरकारीच व्हती," कडूबाई मान तिरकी करून म्हणाल्या. "सरकारचं अंगण झाडायचे. लेण्याजवळच्या इश्रामगृहात. सायेब लोक उठायच्या आत समदं अंगण लख्ख पायजे. ह्याला लाज वाटती सांगायची."

अभयकाकांना हसू फुटलं. मग मला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथं तर दोन्ही घरी एकच केरसुणी निघाली होती. पुंडलिकराव आणि राजू तेवढे एकमेकांकडं न बघता बसले होते. शेवटी पुंडलिकरावांनी गुडघा चोळत राजूच्या पाठीवर थाप मारली.

आईनं मात्र हसणं बाजूला ठेवलं होतं. तिनं खाली वाकून कडूबाईंचा हात धरला. "उठा मावशी. या घरात वाकून झाडत नायत."

मग राजूकडं न बघता म्हणाली, "राजू, लाल काढ."

मला वाटलं, त्याला जमणार नाही. हा पोरगा हजार मशिनं विकतो, पण घरातल्या एकालाही त्यानं कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. पण लहानपणी तो याच पिंपावर बसून घरभर फिरायचा, आई पाइप ओढायची आणि तो घोडा घोडा करायचा. हाताला सगळं आठवत होतं. त्यानं पाइप तोंडाला फिरवून बसवला, वायर सोडली, बटण दाबलं. लाल मशीन घुमू लागलं. त्याचा आवाज जुना, जाड. मी त्या आवाजात अभ्यास केलेला आहे.

कडूबाई बघत होत्या. "मी धरू का गं?"

"धरा की. त्याच्यासाठीच काढलं."

राजू पुढं झाला. गुडघ्यावर बसला आणि त्यानं पाइपची कडी दाबून पाइप लांब केला. कडूबाईंकडं बघितलं, अंदाज घेतला, आणखी लांब केला. मग दांडी त्यांच्या हातात दिली. त्याचा फोन वाजला तो तेव्हाच. कलीमभाई गाडी घेऊन वळणावर आला होता.

"नहीं भाई, देने का कुच नहीं है," राजू म्हणाला. एक कान बोटानं बंद करून तो ओरडत होता, कारण मशीन चालू होतं. "उलटा तुमारे पास कुच पुराना आया तो अम्मा को बोलो."

कडूबाईंनी दोन्ही हातांनी दांडी धरली होती. चिवडा सळसळत नळीतून जायला लागला, तेव्हा त्या आधी दचकल्या, मग लहान मुलीसारख्या हसल्या. एखादा शेंगदाणा नळीत खट्ट वाजला की आणखी हसत.

"पाइप लांब हाय मावशी," आई म्हणाली. "आता वाकायचं काम नाय."

"माझी पाठ अशीच ऱ्हायची गं बाई. तिला आता कोण सरळ करतं?" असं म्हणत त्या दोन पावलं गेल्या आणि मधेच थांबल्या. स्वतःच्या हातांकडं बघत राहिल्या.

"पुंडलिका," त्या म्हणाल्या, "बघ की रे. हात भुईला लागंना."

चिवडा कधीच संपला होता. कडूबाई उंबऱ्यापर्यंत झाडत गेल्या, आणि आई वायर हातात धरून त्यांच्या मागे मागे चालत राहिली.