मास्तरांचा वेढा

घर मास्तरांसाठी घेतलं होतं, निदान सांगायला तरी. मास्तरांना पंचाहत्तरावं लागलं, तेव्हा थोरल्या मुलाने जाहीर केलं की बाबांना त्यांचं ते जुनं शहर दाखवायचं. शेजारीच एक घर भाड्याने घेऊ, चार दिवस सगळे एकत्र राहू. उभा जन्म मास्तरांनी शाळेत त्या शहराचा वेढा शिकवला आणि तिथला एक दगडही पाहिला नव्हता. जाहिरातीत लिहिलं होतं, ऐतिहासिक शहरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या वर, दुप्पट मोठ्या अक्षरात, स्विमिंग पूल असं होतं. मास्तरांनी खालची ओळ वाचली, बाकीच्यांनी वरची. तिथेच माशी शिंकली.

पोचल्या पोचल्या सगळे पाण्यात. थोरला, सूनबाई, लेक, जावई आणि झाडून सारी नातवंडं जी म्हशींसारखी डुंबायला लागली ती डुंबतच राहिली. मास्तर टोपी घालून, बुटांच्या नाड्या बांधून काठावर तयार. चहा झाला की निघू म्हणाले, तर चहा पाण्यातच मागवला. मग म्हणे ऊन उतरलं की जाऊ. ऊन उतरेपर्यंत पाणी असं मस्त कोमट झालं की आता बाहेर कोण येतंय? दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सूनबाई तर ‘उद्या नक्की’ इतकं गोड म्हणायच्या की मास्तरांना गृहपाठ घरी विसरणारी पोरं आठवायची. तीही याच आवाजात बोलत.

मास्तरीणबाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की एवढं कशाला झुरायचं, कोपऱ्यावरून बस मिळते, एकटेच जाऊन या. मास्तर फणकारले. एकटं जाऊन काय तटाला सांगायचं?

खरी मेख तीच होती. मास्तरांना शहर बघायचं नव्हतंच मुळी, दाखवायचं होतं. शाळेतल्या पोरांनी ऐकलं ते छडीच्या धाकाने, आणि घरात यांनी वेढ्याचा ‘वे’ काढला की कोणाला तरी नेमकं दूध उतू गेल्यासारखं वाटायचं. एकदा, फक्त एकदा, त्या शहराच्या मोठ्या दरवाजासमोर उभं राहून आपल्या माणसांना सगळं सांगायचं, एवढीच हाव होती म्हाताऱ्याची. पुढच्या वर्षी बघू म्हणायचं हे वय आहे का?

शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता मास्तर अंथरुणात ताडकन उठून बसले. अहो, वेढा संपला कसा, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शत्रूने महिनोन्महिने तोफा डागल्या, तटाचा टवकासुद्धा उडाला नाही. मग कोणा शहाण्याने आतल्या तलावाचा बांध फोडला. पाणी गेलं आणि आतली माणसं आपल्या पायांनी बाहेर आली.

पायजमा वर खोचून मास्तर पंपाच्या खोलीत गेले. कोणता व्हॉल्व्ह कशाचा, यावर आदल्या दिवशी जावईबापूंनी सगळ्यांना गोळा करून भाषण झोडलं होतं. ते ऐकलं होतं एकट्या मास्तरांनी. त्यांनी लाल चाक फिरवलं, पाण्याला वाट मोकळी करून दिली आणि साळसूदपणे परत पांघरुणात शिरले.

सकाळी घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. थोरल्याने फोन केला तशी मालकीण स्कूटरवरून आली. बाई मोठी खमकी. व्हॉल्व्ह बघून म्हणाली की हा आपोआप उघडत नाही. टँकर येईल, पण पूल भरेपर्यंत माणूस इथे हवा, आणि ज्याने उघडला त्यानेच थांबायचं.

सगळ्यांच्या नजरा जावयाकडे वळल्या. थोरला म्हणाला की काही लोकांना दिसेल ते चाक पिळायची खोडच असते. लेक उसळली. सूनबाईंनी ठेवणीतली दोन वाक्यं काढून आगीत तेल ओतलं. बघता बघता कोण कोणाच्या आजारपणात फिरकलं नाही, कोणी कोणाचा फोन उचलला नाही, सगळी मढी उकरून झाली. जावई बिचारा शपथा घेतोय आणि लेक रडत रडत पोरांचे ओले कपडे बॅगेत कोंबतेय.

मास्तरांनी हिशेब केला. गप्प बसलं तर दरवाजा मिळत होता. जावई थांबला असता, लेक निघून गेली असती, पण ऐकायला अर्धं घर तरी उरलं असतं. मास्तरांनी मनातल्या मनात स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

“मी उघडला,” ते म्हणाले. “तुम्ही बाहेर यावं म्हणून.”

आधी कोणाला खरंच वाटेना. मग मास्तरीणबाई जी हसत सुटल्या, त्यांच्यामागे लेक आणि मग सगळेच. जावईबापूंची कॉलर ताठ झाली. थोरला मात्र ओशाळला. म्हणाला, मी थांबतो, बाबा, तुम्ही जा. मास्तरांनी त्याला दटावलं. तोच गेला नाही तर पाणी सोडून काय मिळवलं? सगळ्यांना त्यांनी जवळजवळ हाकलूनच काढलं आणि टँकरची वाट बघत बसले. त्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं.

संध्याकाळी मंडळी परतली ती बोलतच. पूल काठोकाठ भरला होता, पण त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी गाईड केला होता म्हणे. राणीने घोड्यासकट बुरुजावरून उडी टाकली. भुयार थेट समुद्रात निघतं. दरवाजाला सोन्याचे खिळे होते. मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कुठली राणी, कुठलं भुयार! सालं, तारखा, सेनापतींची नावं, सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं.

तेवढ्यात थोरला खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसला.

“बाबा, काय भारी आहे हो हे सगळं. इतकी वर्षं आम्हाला कधी सांगितलं का नाहीत?”

मास्तरीणबाईंना जोराचा ठसका लागला. मास्तरांनी तोंड उघडलं. पन्नाशीला आलेला हा गडी, केस पांढरे झालेले, असा डोळे मोठे करून त्यांच्यापुढे आजवर एकदाही बसला नव्हता. एक तारीख सांगितली की हे डोळे मिटणार, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

“राहून गेलं,” ते म्हणाले. “मग, त्या घोड्याचं काय झालं?”