तिसरा दोरखंड

आप्पांनी तिसरा दोरखंड पेटीत कोंबला, झाकण लावलं आणि झाकणावर बसले. झाकण तरीही दोन बोटं वरच राहिलं. मग ते जरा पुढे सरकले, जुन्या अनुभवाने नेमक्या जागी भार दिला आणि कडी अडकली.

"आत दोन दोरखंड आहेत ना आधीच?" सुनेने विचारलं. ती ट्रकच्या हौद्यात उभी राहून गाद्यांचे पट्टे आवळत होती.

"आहेत. एक ओढायला, एक बांधायला."

"मग हा?"

"ते दोन तुटले तर."

पेटी आणीबाणीची होती आणि ट्रक विजेवरचा होता. तो सुनेने घेतला होता, तीच चालवायची, कारखान्यातून निघालेल्या गाद्या दुकानांत आणि वसतिगृहांत पोचवायची. तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, जन्म डिझेलच्या ट्रकवर गेला होता. तो ट्रक गेल्या वर्षी भंगारात गेला आणि अंगणात त्याच जागी हा नवा येऊन उभा राहिला. आप्पांनी त्याचं नाव 'मुकी' ठेवलं. आवाज न करता चालणाऱ्या माणसावर आणि गाडीवर विश्वास ठेवू नये, असं त्यांचं मत होतं. त्याला पुरावा नव्हता. पण मताला पुरावा लागतो हेही त्यांना मान्य नव्हतं.

पेटीत शहाणपणाच्या वस्तूही होत्या. रस्त्यावर उभे करायचे लाल त्रिकोण, आग विझवायचं नळकांडं, विजेपासून वाचवणारे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चाकाखाली लावायच्या लाकडी पाचरी, हवेचे दोन पंप, एक विजेचा आणि एक पायाचा. एक छोटी बॅटरीही होती, कारण मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी छोटी उतरली की या गाडीचं दारसुद्धा उघडत नाही. ही एक गोष्ट मात्र आप्पांना ऐकताक्षणी पटली होती. "आपल्या घरात तरी वेगळं काय आहे," असं ते आपल्या बायकोकडे, आईंकडे, न बघता म्हणाले होते.

बाकीचा ऐवज जुन्या ट्रकमधून वारसाहक्काने आला होता. डिझेल ओतायचं नरसाळं. टाकी गळली तर भोक बुजवायची साबणाची वडी. फॅनबेल्ट.

"आप्पा, या गाडीला फॅनबेल्ट नसतो," सुनेने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"म्हणून तर पेटीत ठेवलाय. गाडीत असता तर पेटीत कशाला लागला असता?"

आप्पांचा मुलगा भूमितीचा शिक्षक होता. तो या वाक्यावर एक संध्याकाळ विचार करत बसला आणि शेवटी भाजी निवडायला उठला.

खरी अडचण पेटी नव्हती. अडचण ही होती की मुकी बिघडतच नव्हती. जुना ट्रक दर फेरीला काही ना काही गाळायचा, पाडायचा, तोडायचा, आणि आप्पा तिथे हजर असायचे. त्यांच्या आयुष्यातले सगळे पराक्रम रस्त्याच्या कडेला झाले होते. आता ते सुनेशेजारी बसून यायचे, कान टवकारून ऐकायचे आणि जसे गेले तसे परत यायचे. पेटीचं झाकण पावसाळ्यापासून उघडलं नव्हतं, म्हणजे भर घालण्यापुरतंच उघडलं होतं.

आज फेरी डोंगरापलीकडच्या वसतिगृहाची होती. चढ मोठा. मुलगा चहाचा कप घेऊन अंगणात आला आणि पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "आप्पा, गाद्या हलक्या आणि पेटी जड, अशी वाहतूक जगात कोणी करत नसेल. चढावर चार्ज उगाच जातो. आजच्या फेरीत पेटीतली एक तरी वस्तू कामाला आली तर ठीक. नाहीतर उद्यापासून पेटी माळ्यावर."

"बरं," आप्पा म्हणाले. एवढंच. वाद घालायला ते कधी विसरत नसत, आज विसरले.

डबा द्यायच्या निमित्ताने आई हौद्यापाशी आल्या आणि हळू आवाजात सुनेला म्हणाल्या, "ट्रक भंगारात गेला तेव्हा हे महिनाभर दाढी न करता भिंतीकडे बघत बसले होते. पेटी भरायला लागल्यापासून रोज करतात. तो भूमितीवाला आहे, त्याला नाही कळायचं. तू बघ बाई."

सुनेने आप्पांकडे पाहिलं. ते ट्रकच्या बाजूच्या आरशात बघत, गालावर राहिलेला साबण पुसत होते.

मुकी डोंगर चढली. कुरकुर नाही, धूर नाही, काही नाही. आप्पांनी दोनदा खिडकीबाहेर डोकं काढून वास घेतला आणि निराश होऊन आत घेतलं.

माथ्यावर रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. सुनेने ट्रक थांबवला. आप्पा टपरीमागे हात धुवायला गेले. ती खाली उतरली, पट्टे तपासल्यासारखं केलं, मग आपल्या दाराखालच्या चाकाशी उकिडवी बसली. हवेच्या तोंडावरची छोटी टोपी फिरवून खिशात टाकली आणि किल्लीच्या टोकाने आतली पिन दाबली.

डिझेलच्या ट्रकच्या धडधडीत हे सहज खपून गेलं असतं. मुकीच्या शांततेत मात्र ती हवा एखाद्या म्हाताऱ्या नागासारखी फुसफुसत राहिली. टपरीवाल्याने गाळणी हातात धरूनच तिच्याकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. टपरीवाला संसारी माणूस होता. त्याने मान फिरवली आणि चहा गाळला.

आप्पा आले तेव्हा चाक बसलं होतं.

"आप्पा, हे बघा ना काय झालंय," सून म्हणाली. आपला आवाज शाळेच्या स्नेहसंमेलनातल्यासारखा येतोय, असं तिला वाटलं.

आप्पा चाकाशी वाकले. बोटाला थुंकी लावून हवेच्या तोंडावर धरली. बुडबुडा आला नाही. टायरवरून तळहात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. मग चाकाभोवतीची जमीन नजरेने चाचपली.

"खिळा," ते म्हणाले.

"दिसतोय?"

"पडून गेला असणार. हे खिळे थांबत नाहीत." ते उठले, आणि उठताना त्यांची पाठ गेल्या वर्षभरात झाली नव्हती इतकी सरळ झाली. "पेटी उतरव."

त्यानंतर माथ्यावर जे झालं त्याला दुरुस्ती म्हणणं अपुरं होईल. पाचरी लागल्या. त्रिकोण उभे राहिले. टपरीवाल्याला शिट्टी मिळाली, आणि गाडी दिसली की ती वाजवायची, असा हुकूमही. रस्त्याकडेच्या झाडापासून पुढच्या त्रिकोणापर्यंत आणि तिथून ट्रकच्या शेपटापर्यंत दोरी बांधायची असं ठरलं. दोन दोरखंड जोडले. हातभर कमी पडले. आप्पांनी तिसरा काढला, जोडला, ताणून बांधला. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

चहा प्यायला थांबलेले एक टाय लावलेले गृहस्थ "काही मदत?" असं विचारून फसले. आप्पांनी त्यांच्या हातात फॅनबेल्ट दिला.

"धरा."

"हा कुठे लावायचा?"

"सांगतो. सोडू नका."

ते शेवटपर्यंत दोन्ही हातांनी तो धरून उभे होते. चहाही त्यांना टपरीवाल्यानेच पाजला.

"विजेचा पंप वरच आहे, आप्पा," सून म्हणाली.

"तो राहू दे. त्याला पुन्हा वीजच लागणार. तो पायाचा दे."

आप्पा पायपंप मारू लागले. मारता मारता त्यांनी टपरीवाल्याला नदीत अडकलेल्या ट्रकची गोष्ट सांगितली, टाय लावलेल्यांना साबणाने बुजवलेल्या टाकीची. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. सुनेने दोनदा "मी मारते" म्हटलं, दोन्ही वेळा त्यांनी ऐकलं नाही. हवा भरली तेव्हा टपरीवाल्याने कोणतीही गाडी नसताना शिट्टी वाजवली.

टाय लावलेले गृहस्थ म्हणाले, "आणि हा?"

"छान धरलात," आप्पा म्हणाले आणि फॅनबेल्ट परत घेतला.

वसतिगृहावर गाद्या उतरवताना मुलाचा फोन आला. सुनेने सगळं सांगितलं. मग फोन आप्पांकडे दिला.

"खिळा होता," आप्पा म्हणाले. "हा एवढा." त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली, फोनला दिसत असल्यासारखी.

"एवढा खिळा होता आणि नुसती हवा भरून चाक टिकलं? पंक्चर न काढता?"

"तिथे अनुभव लागतो."

मग मुलगा म्हणाला, "बरं. राहू दे पेटी."

परत येताना आप्पांनी खिडकीबाहेर डोकं काढलं नाही. डबा उघडून त्यांनी स्वतःचं संपवलं आणि सुनेच्या वाट्याचं अर्धं संपवलं. उतारावर त्यांना झोप लागली, आणि घोरण्याच्या आवाजाने मुकी पहिल्यांदा ट्रकसारखी वाटली.

घरी पोचल्यावर मुलगा बाहेर आला. चाकाकडे बघितलं, आप्पांच्या सदऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पाणी आणायला आत गेला. आप्पा अंगणात पेटी लावत बसले. पाचरी तळाशी, त्यावर पंप, त्यावर त्रिकोण, शेवटी दोरखंड, एकामागून एक. सून ट्रकला चार्जिंगची वायर लावून वळली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे तळहात पसरला.

"टोपी," ते म्हणाले.

"कसली टोपी?"

"हवेच्या तोंडाची. उघडं ठेवलं की धूळ जाते. तुझ्या खिशात आहे ती."

सुनेने खिशात हात घातला. टोपी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. आप्पा लगेच चाकाशी वाकले आणि टोपी फिरवू लागले.

"पुढच्या वेळी माझ्या बाजूचं चाक निवड," ते चाकाकडे बघतच म्हणाले. "तुझ्या बाजूला रहदारी असते. जिवाला धोका."

मग परत येऊन त्यांनी झाकण लावलं आणि त्यावर बसले. ते दोन बोटं वरच राहिलं. पुढे सरकले, तरी राहिलं. आज त्यांच्या पायांत तेवढा जोर उरला नव्हता.

सुनेने किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. कडी लागली.