चंदेरी दाढ

डॉक्टरांनी ओवीच्या तोंडातला छोटा आरसा बाहेर काढला आणि साध्याच आवाजात विचारलं, "रात्री दात घासते का?"

"घासते तर." ऋतिका याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखी पुढं सरकली. "दोन वर्षांची होती तेव्हापासून. एक रात्र चुकवलेली नाही."

"आणि घासल्यावर काही खाते?"

"छे. काहीच नाही."

"आंबापोळी," ओवी खुर्चीतून म्हणाली. "घासले की आई देते. बक्षीस."

डॉक्टर हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत.

"साखर नसते हो त्यात," ऋतिका घाईघाईनं म्हणाली. "घरची आहे. सासूबाई करतात. नुसता रस वाळवलेला."

"रसाची साखर कुठं जाते? वाळल्यावर ती घट्ट होते नि दाढेच्या खाचेत चिकटून बसते. पोर झोपलं की रात्रभर तिथंच. चॉकलेट निदान विरघळतं तरी."

ऋतिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली होती ती. तोंडातल्या जंतूंना काय गोड लागतं, यावर परीक्षेत तिनं पानं भरली होती. आणि घरी मात्र पोरीचे दात स्वच्छ घासून, वर तोच घास जंतूंना वाढत होती. रोज, न चुकता.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. खालची उजवी दाढ किडली होती, कीड आतल्या नसेपर्यंत पोचली होती. नस साफ करून वर स्टीलची कॅप बसवायची. दहाव्या-अकराव्या वर्षी दाढ पडेल तेव्हा कॅपही तिच्याबरोबर जाईल.

"पांढरी नाही का बसवता येणार?"

"तिच्यासाठी दाढ बरीच तासावी लागते. हिची तेवढी उरलेलीच नाही."

"आणि काढूनच टाकली तर? दुधाचीच तर आहे."

"काढता येईल. पण मागून कायमची दाढ येईल ती रिकाम्या जागेत पुढं सरकते. मग जागा धरून ठेवायला तारेचं कडं लावा, मोठी झाली की वाकडे दात सरळ करा. वाचण्यासारखी दाढ आहे, मी तर वाचवीन. विचार करून सांगा, पण लांबवू नका."

रिक्षात बसल्यावर ऋतिका विचार करू लागली, पण तो दाढेचा नव्हता. तो बालवाडीच्या फाटकाचा होता.

जूनमध्ये पालकांच्या सभेत ती उभी राहून बोलली होती. वाढदिवसाला चॉकलेटं वाटायची नाहीत, गोड हवंच तर घरची आंबापोळी द्या, दात घासायला पोरं कटकट करत असतील तर घासल्यावर एक तुकडा द्या, आमची ओवी बघा कशी धावत जाते. बाईंनी मान डोलावली, चॉकलेटं बंद झाली. काही आया फुरंगटल्या, पण ऐकलं सगळ्यांनी. शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर ऐकतात लोक. तेव्हापासून फाटकाशी तिला "आंबापोळी मॅडम" म्हणत. चेष्टेत म्हणत, पण म्हणत. आणि तिला ते आवडे, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ओवी आ वासून हसली की आत चमकणार ती दाढ. पडलेल्या दाताचा दोष कुणाला लागत नाही. उलट म्हणतात, वा, मोठी झाली गो! कुठला दात कितव्या वर्षी पडतो हे कुणाच्या ध्यानात असतं? पण पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडात धातूची दाढ म्हणजे आईची चूक, सगळ्यांना दिसेल अशी मढवून ठेवलेली.

घरी सासूबाईंनी, दमयंतीबाईंनी, तेच वेगळ्या शब्दांत म्हटलं. "अगो, दुधाचा दात तो. काढून टाक नि मोकळी हो. स्टीलचा दात घेऊन पोर हसायला लागली तर आमच्या आंबापोळी मॅडमची अब्रू काय राहील?" आणि पदर तोंडाला लावून त्या खुदखुदल्या.

नवऱ्याचं, सुजयचं, हातखंब्याला हायवेवर टायरचं दुकान. त्याचा फोन आला तेव्हा मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते. "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"दोन्ही चालेल म्हणाल्या."

"मग तू ठरव. तुला त्यातलं कळतं."

खोटं इतकं सहज निघालं की फोन बंद झाल्यावरही ती तो हातात धरून उभी राहिली.

सकाळी ओवीची वेणी घालताना तिनं विचारलं, "दाढ काढल्यावर शाळेत कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"पडली."

"कशी?"

"आपोआप."

"शहाणी गो माझी. आणि तोवर एवढं तोंड उघडून हसायचं नाही. काळं दिसतं."

फाटकाशी वेदिकाची आई भेटलीच. "काय हो मॅडम, काल ओवी दिसली नाही ती?"

"जरा कणकण होती."

"आमच्या बयेला आता तुमच्या त्या तुकड्याशिवाय झोप येत नाही. घासते मात्र गुणाची होऊन. हां, एक बघा ना, तुम्हाला कळतं." तिनं वेदिकाची हनुवटी वर केली. "आ कर गो. मागं काळं कायसं दिसतंय."

ऋतिका वाकली. दाढेच्या खाचेत बारीक काळी रेघ होती. ओवीचीही अशीच सुरू झाली असणार, आपण बघितली नाही तेव्हा.

"डाग असेल," ती म्हणाली. "जाईल."

"होय ना? मी उगाच घाबरले." वेदिकाची आई मोकळं हसली. ऋतिकाला तिच्याकडे बघवेना.

ठरल्या दिवशी तिनं दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या सांगून टाकलं, "काढायचं ठरवलंय." डॉक्टरांनी विचारलं, "कड्याचं काय?" "ते पुढं बघू." डॉक्टर हातमोजे चढवून ओवीला म्हणाल्या, "चल, आ कर बघू."

ओवीनं तोंडावर हात ठेवला.

"घाबरलीस? दुखू देणार नाही मी."

ओवीनं मान हलवली. घाबरलेली नव्हती ती. हात न काढता तिनं आईकडे बघितलं आणि बोटांच्या आडून विचारलं, "यांना दाखवू?"

ऋतिकाला आठवलं. दोन दिवस ओवी टीव्हीसमोर अशीच बसली होती, तोंडावर हात ठेवून. आजीनं गुदगुल्या केल्या तेव्हाही ओठ मिटून नुसते खांदे हलवले होते. ऋतिकाला वाटलं होतं, ठणकत असेल. लोक काय बघतील यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवणाऱ्या तिला हे एवढं समोरचं दिसलं नव्हतं.

"आणि यांना पण आपोआप पडली म्हणून सांगायचं?"

डॉक्टर खाली बघून ट्रेमधलं काहीतरी सारखं करू लागल्या. त्या बघत असत्या तरी इतकं लागलं नसतं. ऋतिकाला आपले हात कुठं ठेवावेत कळेना.

"नाही," ती म्हणाली. "दाखव. यांना दाखव, सगळ्यांना दाखव." मग डॉक्टरांना, "कॅपच बसवा. मी... तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर."

कॅप बसल्यावर ओवीनं तास-दीड तास आरसा सोडला नाही. घरी आल्यावर आजीला म्हणाली, "चांदीची आहे." दमयंतीबाईंनी सुनेकडे बघितलं, काय वाटलं कोण जाणे, चेष्टा केली नाही. रात्री त्यांनी आंबापोळीचा डबा उचलून वरच्या फळीवर सारला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी ओवीनं कुणी विचारायच्या आतच तोंड उघडलं. पोरं गोळा झाली. "माझी चांदीची!" "बघू बघू!"

"अगोबाई, कॅप?" वेदिकाची आई वाकून बघत म्हणाली आणि तिनं मान वर केली.

ऋतिकाचा हात आपसूक ओवीच्या तोंडाकडे निघाला होता. तो तिनं ओवीच्या खांद्यावर नेला.

"आंबापोळीनं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रात्री घासल्यावर देत होते ना, त्यानं किडली. मी सभेत सांगितलं ते चुकीचं होतं. आणि वेदिकाच्या दाढेत... तो डाग नाहीये. परवाच माझ्या लक्षात आलं होतं."

फाटकापाशी आणखी दोन आया उभ्या होत्या. त्या वळून बघू लागल्या. वेदिकाच्या आईनं लेकीला जवळ ओढलं, हनुवटी उन्हाकडे वळवली आणि बराच वेळ बघत राहिली.

"परवाच सांगायचं होतंत," ती अखेर म्हणाली.

"हो."

ऋतिका तिथंच उभी राहिली. निघून जाणं सोपं होतं, म्हणूनच गेली नाही. मागं ओवी कुणालातरी सांगत होती, ही रात्री पण चमकते, आणि खोटं बोलता बोलता तोंड भरून हसत होती.

वेदिकाच्या आईनं ऋतिकाकडे न बघताच विचारलं, "कुठल्या डॉक्टर त्या?"

ऋतिकानं पत्ता सांगितला.