पैशांच्या लायकीचा गॉगल

भाचीच्या त्या पत्राला भिंगकाकांनी उत्तर दिलं नाही, आणि का दिलं नाही हे त्यांना एका वाक्यात सांगताही आलं नसतं. वेळ नव्हता म्हणावं, तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. वेळेशिवाय त्यांच्याजवळ दुसरं होतंच काय? भाचीबद्दल राग होता म्हणावं, तर साऱ्या गोतावळ्यात त्यांना आपणहून पत्र लिहिणारं माणूस तेवढंच एक उरलं होतं.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्यांनी चाळीस वर्षं काचा घासल्या. म्हणून भिंगकाका. पुढच्या काउंटरवर गिऱ्हाईक आणि मागे ते, अशी वाटणी त्यांना फार मानवली होती. मालकांनी एकदा हौसेने पुढे उभं केलं, तर फ्रेम चेहऱ्याला शोभते की नाही हे सांगायला त्यांनी इतका वेळ लावला की गिऱ्हाईक बाई दुसरीकडून चष्मा घेऊन परतसुद्धा आल्या, असं दुकानात तिखटमीठ लावून सांगत. काच हातात आली की मात्र ते वेगळेच होत. बोट फिरवून नंबर सांगत, आणि तो चुकत नसे.

पत्र साधंच होतं.

‘मामा, ह्यांना रोजच्या वापराला गॉगल हवाय. जुना गॉगल फार काळा आहे, त्यातून उन्हातसुद्धा स्वतःचा हात दिसत नाही, सारखा वर-खाली करून ह्यांची मान धरते. त्या मोठ्या कंपनीचा एक बघून आलेत, त्याचा नंबर खाली लिहिलाय. दुकानदार म्हणतो, डोळ्यांना शंभर टक्के संरक्षण. किंमत ऐकून माझे हातपाय गळाले. दोन महिन्यांचा पगार! पण हे म्हणतात, डोळ्यांच्या बाबतीत चिक्कूपणा नको. तुझ्या मामांना विचार, ते घे म्हणाले तर घेतो, नको म्हणाले तर विषय संपला. पैशांच्या लायकीचा आहे का, एवढंच कळवा. सवलत आठ दिवसच आहे.’

भिंगकाका वाचून गालातल्या गालात हसले. जावई ग्रिलच्या कारखान्यात रंग द्यायचा. लग्नात त्याने केसांचा असा काही कोंबडा काढला होता की फोटोत तोच सगळ्यांत उंच आला होता. पोराला मिरवायचंय, दुसरं काय!

तरी दुसऱ्याच दिवशी ते जुन्या दुकानात गेले. काउंटरवरची पोरगी ओरडलीच, “भिंगकाका! आणि आज चक्क पुढच्या दाराने?”

“एक गॉगल बघायचा होता.” त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

“अगबाई, हा? कुणासाठी?”

“जावई... म्हणजे भाचीचा नवरा.”

“मग बरोबर आहे, जावयाला स्वस्तातलं चालत नाही.” तिने कुलपातून डबी काढली. “घालून तर बघा. अय्या काका, दरोडेखोर दिसताय!”

काकांनी घाईघाईने तो काढला आणि मागच्या खोलीत नेला. खिडकीच्या गजासमोर धरून हळूहळू हलवला. गज कुठे वाकला नाही, म्हणजे काच सरळ होती. यंत्राखाली घातला, उन्हातला अपायकारक भाग पुरता अडत होता. मग बिजागरी पाहिली, कड पाहिली, काडीच्या आतला जोड नखाने चाचपला. फ्रेम साध्या प्लास्टिकची, ज्या साच्यातून तिसऱ्या हिश्शाच्या किमतीचे गॉगल निघत त्याच साच्यातली. सहा वर्षांनी हातांना काम मिळालं होतं. त्यांना उगाचच तरतरी आली.

“खरं सांगा काका,” पोरगी दाराशी येऊन कुजबुजली, “आहे का लायकीचा?”

“रुपयातले चार आणे काचेचे, एक आणा फ्रेमचा.”

“आणि बाकीचे पैसे?”

“बाकीचे आरशात बघायचे.”

ती खो खो हसली आणि काका स्वतःवर खूश होऊन घरी आले. उत्तर तयार होतं, फक्त लिहायचं होतं.

लिहायला बसले आणि गाडं अडलं. ‘घेऊ नका, एवढ्यात तीन येतील’ असं पहिल्या कागदावर लिहिलं. वाचल्यावर वाटलं, हे तर जावयाला तोंडावर मूर्ख म्हणण्यासारखं झालं. त्याचा पगार, त्याची हौस. आपण कोण नाक खुपसणारे? कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘काच उत्तम आहे, डोळ्यांना अपाय नाही.’ मग वाटलं, हे वाचून तो घेईल आणि दोन महिने भाची मामाच्या नावाने बोटं मोडेल. तोही फाडला. तिसऱ्यात दोन्ही बाजू लिहिल्या. त्यातून घ्यावा की घेऊ नये हे त्यांचं त्यांनाच कळेना. चौथा अर्ध्यावर राहिला. असं करता करता आठ दिवस उलटले. नवव्या दिवशी उत्तराला अर्थ उरला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी भिंगकाकांना सुटल्यासारखं वाटलं. नंतर भाचीचं पत्र आलं नाही. आपण उत्तर दिलं नाही म्हणून रुसली असेल, असं त्यांनी धरलं.

दहा महिन्यांनी धाकटी बहीण, भाचीची आई, आली. आल्या आल्या पायरीवरच बसली.

“दादा, तुला कळलं का काही? आमच्या जावयांचे डोळे गेले.”

“गेले म्हणजे?”

“अगदी आंधळे नाही. मधलंच दिसत नाही. मी समोर बसले तर माझे कान दिसतात म्हणे, तोंड नाही. डॉक्टरांनी हात टेकले. हे आता असंच राहणार.”

“पण कशाने?”

“वेल्डिंगने.”

“वेल्डिंग? अगं, तो तर रंग देतो ना?”

“रंग केव्हाच सुटला. दोन वर्षं झाली वेल्डिंगला लागून. तुला कसं कळणार? तू पुस्तकातून मान वर काढशील तेव्हा ना!”

“मग गॉगल नव्हता लावला?”

“लावला होता की. त्यानेच तर घात केला! कारखान्यातला काळा गॉगल टाकून दिला आणि तो महागातला लावून बसायचे. त्यातून काम लख्ख दिसतं म्हणायचे. एवढी किंमत काय उगीच लावलीय, म्हणायचे. डोळे चुरचुरले, पाणी आलं, तरी धुळीवर ढकललं. पोरीने नंतर मला सगळं सांगितलं.”

बहीण गेल्यावर त्यांनी पत्र काढून पुन्हा वाचलं. गॉगल. बाजारात मिरवायचा तोही गॉगल, आणि ठिणग्यांपुढे लावायचा तोही गॉगलच. भाचीने कारखान्यातला शब्द लिहिला होता आणि मामाने दुकानातला वाचला होता. पण तेवढ्यावर सुटका नव्हती. ‘उन्हातसुद्धा स्वतःचा हात दिसत नाही.’ उन्हाचा असा गॉगल जगात कुणी बनवत नाही. उन्हाच्या काचेतून शंभरातला पंधरा भाग उजेड आत येतो. वेल्डिंगच्या काचेतून दहा हजारांत एक. हे माहीत असलेला माणूस त्यांच्या सगळ्या नात्यागोत्यात एकच होता, आणि त्यानेच त्या वाक्यावरून डोळे फिरवून केसांचा कोंबडा आठवला होता.

दुसऱ्या दिवशी ते भाचीच्या घरी गेले. जिने चढताना तीनदा थांबले. दार भाचीनेच उघडलं. ती वाळली होती. “या मामा,” एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

आत खिडकीला जाड पडदा. जावई पलंगावर भिंतीला टेकून बसलेला, आणि त्याची आई स्टुलावर बसून त्याला पेपर मोठ्याने वाचून दाखवत होती. मामांना पाहून तिने पेपरची घडी केली. जावयाने मान एका बाजूला वळवली, जणू दुसऱ्याच कुणाकडे बघतोय.

“मामा ना? तिरका बसतो, राग मानू नका. सरळ बघितलं की समोरचा माणूस गायब होतो.”

“असू दे, असू दे,” भिंगकाका म्हणाले आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले.

भाचीने पाणी आणून दिलं. मग जावयानेच विचारलं, “मामा, एक खरं सांगाल? गॉगल घ्यायच्या आधी मी हिला म्हटलं होतं, मामांना विचार. उत्तर आलं नाही, सवलत संपायला आली, म्हणून घेतला. हिचं पत्र आलं होतं तुम्हाला?”

“कशाला विचारतोस त्यांना?” आई म्हणाली. “टाकलं असतं तर आलं असतं. मामा काय उत्तर न देणाऱ्यांतले आहेत? सूनबाईलाच हौस होती नवरा हिरो दिसावा म्हणून. आता भोगा!”

“मी टाकलं होतं,” भाची म्हणाली. हे ती किती वेळा म्हणाली असेल कोण जाणे. आवाजाला काही धारच उरली नव्हती. मग ती मामाकडे वळली आणि, त्याला आधार द्यावा तशी, पटकन म्हणाली, “पोस्टात गहाळ झालं असेल. हो ना, मामा?”

हीच वेळ होती. पत्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. हात खिशापर्यंत गेला आणि परत आला. तोंडातून एकच शब्द निघाला.

“असेल.”

“पोस्टाला नेमकं तेवढंच सापडलं वाटतं!” आई म्हणाली. जावयाने मान पुन्हा भिंतीकडे वळवली.

भाची जिन्यापर्यंत पोचवायला आली. “मामा, तुम्हाला तरी पटतंय ना, मी टाकलं होतं?”

“हो.”

“हे माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, डोळे गेले ते माझ्या कर्माने, पण तू खोटं बोललीस. पुढच्या आठवड्यात सासूबाई ह्यांना थोरल्या भावाकडे घेऊन चालल्यात, कायमचं. मला कुणी चल म्हटलेलं नाही.” ती कठड्यावर हात टेकून उभी राहिली. “जाऊ दे. तुम्ही आलात तेच खूप झालं. सावकाश उतरा.”

भिंगकाका सावकाशच उतरले. खाली उतरून पायरीशी पाऊणएक तास उभे राहिले. वर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. एक भाजीवाली टोपली घेऊन वर गेली, माल विकून खाली आली, आणि “कुणाचं घर शोधताय, बाबा?” असंही विचारून गेली. ते घरी परतले.

सकाळी त्यांनी कागद घेतला. या वेळी एकच. पत्र जावयाला लिहायचं, पण पाकिटावर नाव त्याच्या आईचं घालायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं. भाचीने वाचून दाखवलं असतं तर तिने मनचं जोडलं म्हणाले असते. ते त्या बाईच्याच तोंडून त्या खोलीत ऐकू जायला हवं होतं.

‘जावईबापू,

तुमच्या आई हे वाचून दाखवतील. त्यांनी एकही शब्द गाळू नये ही विनंती.

भाचीने पत्र टाकलं होतं. ते मला तिसऱ्या दिवशी मिळालं. सोबत पाकिटासकट जोडलं आहे, त्यावरचा शिक्का बघावा. काल मी “असेल” म्हणालो ते खोटं होतं. तुमच्या घरात खोटं बोललो तो मी, ती नाही.

तुम्ही विचारलं होतं, गॉगल पैशांच्या लायकीचा आहे का. उन्हासाठी काच चांगली, किंमत तिप्पट. वेल्डिंगसाठी फुकट मिळाला तरी घेऊ नये असा. तुम्हाला वेल्डिंगचा हवा होता हे पत्रात होतं. चाळीस वर्षं काचा घासलेल्या माणसाला ते वाचता यायला हवं होतं, मला आलं नाही. तरीही “घेऊ नका” एवढं मला तेव्हाच वाटलं होतं, आणि मी नको म्हटलं असतं तर तुम्ही विषय संपवणार होतात. मी लिहिलं, फाडलं, आणि गप्प बसलो. कुणाला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे निकाल देण्याची मला भीती वाटते.

डोळे मी परत देऊ शकत नाही. तुमचा राग भाचीवर आहे तो चुकीच्या माणसावर आहे. खाली माझं नाव आणि पत्ता आहे.’

सही करून त्यांनी पत्र वाचून पाहिलं. तीन ठिकाणी बदलावंसं वाटलं. यापुढे भाचीचं पत्र येणार नाही, हे स्वच्छ दिसत होतं. न बदलता पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट वजनाला टाकलं. “साधं की रजिस्टर?”

“रजिस्टर. आणि मिळाल्याची सही येते ना, ती हवी.”

“कोर्टाचं काम आहे का?”

“नाही. घरचंच.”

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग शिक्का उचलला. “परवा पोचेल.”

“परवा नक्की ना? पुढच्या आठवड्यात तिथली माणसं...” पुढचं त्यांना बोलता आलं नाही.

“परवा म्हणजे परवा, आजोबा,” बाई म्हणाल्या, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.